मदत हवी आहे: बांधकाम साइटवरच्या मुलांचं वय कसं ठरवायचं?

पुण्याजवळच्या वाघोली, हिंजवडी भागातल्या मजूर वस्त्यांमध्ये सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांची पोषणपाहणी करायची आहे. वजन-उंचीची अडचण नाही. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. मूल ऐकेना म्हणून उलट मोजलं तर ०.७ सेंमीची दुरुस्ती करायची. दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली आला की मूल सॅम (तीव्र कुपोषित), थेट संदर्भसेवेला, म्हणजे पुढच्या उपचारांसाठी दवाखान्यात.

घोडं अडतंय ते वयापाशी. जन्मदाखला गावी राहिलेला, लसीकरणाचं कार्ड हरवलेलं, आणि आई सांगते "दोन वर्षांचा असेल". मग सगळी वयं १२, २४, ३६ महिन्यांवर गोळा होतात. दोनच्या आसपास मूल महिन्याला जवळजवळ एक सेंमी वाढतं, म्हणून चार महिन्यांची चूक झाली तर उंचीचा झेड-स्कोअर (त्या वयाच्या सरासरी उंचीपासून मूल किती दूर आहे त्याचं माप) सुमारे एकाने सरकतो. वय जास्त धरलं की धडधाकट मूलही खुंटलेलं (वयाच्या मानाने बुटकं) दिसतं. वजन-उंचीच्या गुणोत्तराला वय लागत नाही, पण दीर्घकालीन कुपोषण त्यातून कळत नाही.

उपाय म्हणून घटनांची दिनदर्शिका वापरायची आहे, म्हणजे सणासारख्या खुणांवरून आईला जन्माचा महिना आठवायला लावायचा. पण पालखी, गणपती इथल्यांना ठीक. बिहार, छत्तीसगडच्या आयांना काय उपयोग? त्यांच्यासाठी छठ, तीज, धानकापणी, गावातली निवडणूक अशा खुणा महिन्यांसकट कुणी जमवल्या आहेत का? मराठवाड्यातल्या कुटुंबांसाठी ऊसतोडीचा हंगामही चालेल. आणि महिना नक्की होतच नसेल, तर ते मूल उंचीच्या विश्लेषणातून वगळता की अंदाजाच्या महिन्याची १५ तारीख जन्मतारीख धरून ठेवता? महिनाच माहीत नसताना १५ तारीख धरणं मला तरी पटत नाही.