५१ वर्ल्ड टायटल एकाच माणसाची? विली हॉपीबद्दल विचारायचंय

परभणीचा_पोट्टा: मंडळी, नवीन आहे इथं, चुकलं तर सांभाळून घ्या. कॉलेज सुटलं की पूल खेळायला जातो, तिथला मार्कर काका रोज बोंबलतोय की तुझं कोपर बाहेर जायलंय, हात शिलाई मशीनच्या सुईवानी सरळ चालला पाहिजे. काल मूड चांगला होता त्याचा तर म्हणला, विली हॉपी म्हणून एक अमेरिकन होता, त्याचा पण हात असाच तिरपा, अन् नावावर ५१ वर्ल्ड टायटल, खेळ कॅरम बिलियर्ड्स. घरी सांगितलं तर बाबा म्हणायलेत पावडर टाकून खेळतात तेच असेल. हे काय असतंय नेमकं? अन् ५१ म्हणजे फेकाफेकी तर नाही ना?

लातूरी_तडका: बाबांना सांग, सोंगट्या न् स्ट्रायकरशी काही संबंध नाही. १० बाय ५ फुटाचं टेबल, पॉकेट एक पण नाही, तीन बॉल. आपल्या बॉलनं बाकीच्या दोघांना टच केलं की एक पॉइंट, अन् चुकत नाही तोवर डाव तुझाच. मग पट्टीचे प्लेयर काय करायचे, दोन्ही बॉल कडेच्या रबरापाशी आणून नुसते गोंजारत न्यायचे. जेकब शेफर सीनिअरनं १८७९ मधे असे एका दमात ६९० काढले, समोरचा आपला खुर्चीत बसलेला!! तिकीट काढून आलेलं पब्लिक वैतागणारच की. म्हणून टेबलावर रेषा मारल्या, त्याला बाल्कलाइन म्हणतात. १८.२ म्हणजे रेषा कडेपासून १८ इंचावर, अन् एका चौकटीत दोन पॉइंट होईपर्यंत एक तरी बॉल बाहेर काढायचाच. १८.१ त्याहून बेक्कार, तिथं पहिल्याच पॉइंटला बाहेर.

नांदेडकर_दादा: फेकाफेकी नाही बे, ५१ खरंय. पण ते दरवर्षी एक असं नव्हतं, बऱ्याचदा पैलवानाच्या गदेसारखं, कुणीतरी चॅलेंज द्यायचं अन् चॅम्पियननं मॅच खेळून टायटल राखायचं, शिवाय १८.१, १८.२, थ्री-कुशन अशी टायटलं वेगवेगळी. हॉपी जन्मला १८८७ ला, बापाच्या हॉटेलात टेबल होतं, पोरगं इतकं बुटकं की खोक्यावर उभं राहून खेळायचं, तिथूनच तो हात तिरपा झाला तो जन्मभर तसाच. बापानं भावासोबत गावोगाव खेळवत फिरवलं. १५ जानेवारी १९०६, पॅरिस, पोरगं १८ वर्षांचं, समोर फ्रान्सचा म्हातारा उस्ताद मोरिस विन्यो, अन् त्याच्याच देशात त्याला लोळवलं. तो १८.१ होता. मला विचारशील तर खरी कमाल पुढंच आहे, वय झाल्यावर गडी थ्री-कुशनकडं वळला (दुसऱ्या बॉलला लागायच्या आधी आपला बॉल तीनदा कडेला आपटला पाहिजे), १९४० च्या स्पर्धेत २० पैकी २० मॅच जिंकल्या, अन् १९५२ ला शेवटचं टायटल घेऊनच रिटायर.

बीडची_ताई: १९५२ च्याच स्पर्धेत जपानची मासाको कात्सुरा पण होती, वर्ल्ड टायटलला उतरलेली पहिली बाई, सातवी आली. तिचं नाव कुणीच घेत नाही कामून?

लातूरी_तडका: ताई बरोबर. अन् पोट्ट्या, तो खोक्यावर उभा राहून शिकलेला, तू पावणेसहा फुटाचा घोडा असशील, तुझं कोपर आतच ठेव.

परभणीचा_पोट्टा: काकाला सगळं वाचून दाखवलं. म्हणला, हॉपीचं राहू दे, मागच्या आठवड्याचं टेबलभाडं कधी देतो ते सांग.