जिभेत सामर्थ्य आहे, म्हणून इन्सुलिन सोडायचं?

निर्मळकर
वसईतल्या प्रार्थना गटांत एक मेसेज फिरतोय: 'मला डायबिटीस आहे असं तोंडाने कबूल करू नका. मी बरा झालो असं मोठ्याने म्हणा. नीतिसूत्रे 18:21, जीवन-मरण जिभेच्या हाती आहे.' वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मावशीने हेच ऐकून इन्सुलिन बंद केलं. पायाचा अंगठा काळा पडला तरी 'मी बरी आहे' हेच चालू. कुणी विचारलं तर 'तुमच्या बोलण्यानेच आजार येईल' म्हणून गप्प करायची. शेवटी अंगठा काढावा लागला.

नीतिसूत्रांचा तो अध्याय भांडणं, चुगल्या, नीट ऐकून न घेता उत्तर देणं यांबद्दल बोलतो. त्यात रक्तातली साखर कुठून आली? ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेतल्या केनेथ हेगिनसारख्या प्रचारकांच्या सभांतून पसरली. प्रेषित पौल तर बायबलमधल्या पत्रात तीमथ्याला सरळ लिहितो, माझा सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून आलो. पौलाचा विश्वास कमी पडला म्हणायचं का?

आगाशीची सून
मावशींचं ऐकून वाईट वाटलं. पण सरसकट झोडपू नका. शब्दांत काही नसतं, तर कन्फेशनमध्ये फादर क्षमेचे शब्द उच्चारतात तेव्हा काय होतं? मिस्सेत, चर्चच्या उपासनेत, भाकर हाती घेऊन 'हे माझे शरीर आहे' म्हणतात तेव्हा? माझा मुलगा जन्मल्यावर काचेच्या पेटीत होता. मी काचेवर हात ठेवून 'तलीथा कूम', म्हणजे 'मुली, ऊठ', म्हणायचे, येशू याईराच्या मेलेल्या मुलीला उठवताना म्हणाला तेच. आज तो कॉलेजात आहे. हे खोटं ठरवून दाखवा.

निर्मळकर
संस्कारातले शब्द ख्रिस्ताचे, फादर पदरचे बोलत नाहीत. आणि तुम्ही त्या पेटीचा ऑक्सिजन बंद करायला सांगितला नव्हता.

माडाखालून
आमची आजी म्हणायची, अभद्र बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते. त्याच समजुतीला बायबलचं वचन चिकटवलंय, दुसरं काही नाही.

आगाशीची सून
याईराची मुलगी वास्तूमुळे उठली का? माझ्या प्रार्थनेला काहीही नावं ठेवाल?

पाचूबंदरचा
शब्दांचा विषय काढलात म्हणून बोलतो. फादर आमच्या बोटींवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, आम्ही टोप्या काढून उभे राहतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला. मग दर्यात जावं तर एलईडी दिव्यांनी मासळी खेचून पकडणाऱ्यांचा लग्नाच्या मांडवासारखा उजेड! केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, ती कागदावर. पापलेट कुठे राहिलं? डिझेलचे पैसे सुटत नाहीत. प्रार्थनासभेत मला सांगितलं, 'जाळं रिकामं म्हणू नका, भरलं म्हणा.' मच्छीमार सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरताना काय म्हणू?

मिरकरवाडा
उजेडवाल्यांना धरा, पण त्यात पर्ससीनवाल्यांना, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळीचा थवा घेरणाऱ्यांना, ओढू नका. त्या बोटींवरच्या खलाशांनाही पोरंबाळं आहेत.

पाचूबंदरचा
पर्ससीनचं नाव मी घेतलं नव्हतं, तुम्हीच घेतलंत! चोराच्या मनात चांदणं. लहान मासळीसकट दर्या उपसता आणि वर पोरंबाळं दाखवता? मालवणचे रापणवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, तुमच्याविरुद्ध उगाच रस्त्यावर उतरले का?

मिरकरवाडा
चोर कोणाला म्हणता? तोंड सांभाळून बोला.

निर्मळकर
दोघेही थांबा. जाळ्याचं उत्तर लूक 5 मध्येच आहे. मच्छीमार पेत्र येशूला म्हणाला, सारी रात्र राबलो, काही मिळालं नाही. रिकामं ते रिकामं म्हणाला आणि येशू त्याला 'असं बोलू नकोस' म्हणाला नाही. त्यानंतर पेत्राने जाळी सोडली ती 'तुझ्या शब्दावरून'. सामर्थ्य येशूच्या शब्दात होतं. पेत्राने फक्त खरं बोलून त्याचं ऐकलं. माझ्या मावशीला खरं बोलायलाच बंदी होती.

आगाशीची सून
पेत्राचं पटलं, तेवढंच. आमच्या गटात त्या मेसेजखाली 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या, इन्सुलिन बंद करू नका' असं मी लिहिते. पण रोज मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने आशीर्वाद देणं सोडणार नाही.

निर्मळकर
ते सोडा असं मी कधी म्हटलं? मेसेज आजच टाका.

पाचूबंदरचा
आणि एलईडीचं? फादरांनी रविवारी प्रवचनात त्यावरही बोलावं. आमच्या गावात त्यांचा शब्द सगळे ऐकतात.