आणीबाणीतले भूमिगत : नुसतीच पत्रकं वाटली म्हणे!

माळ्यावरचा
परवा इथल्याच एका धाग्यावर एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं की आणीबाणीतले भूमिगत म्हणजे रात्री सायक्लोस्टाईल (पत्रकांच्या प्रती काढायचं यंत्र) फिरवायचं आणि उरलेला जन्म त्या गोष्टी सांगायच्या. निवडणूक इंदिराबाईंनी आपणहून लावली, यांनी काय दिवे लावले? तिथेच चार ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलंय म्हणून वेगळा धागा.

आमच्या वडिलांची सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. पंधरा मशिनं. दुपारच्या बॅचला असा खडखडाट असायचा की बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या खडखडाटात मागच्या खोलीतलं सोळावं मशीन कुणाला ऐकू येणार? त्यावर स्टेन्सिल कापायचे. रिबन काढून टाकायची, म्हणजे अक्षर थेट मेणकागदावर उमटतं. रिमं इन्स्टिट्यूटच्या नावावर येत, त्यामुळे कागद कशाला लागतो हेही कुणी विचारलं नाही. भानगड एकच होती. त्या मशीनचा ळ तुटलेला. जागा सोडायची आणि नंतर लोखंडी लेखणीने हाताने कोरायचा. बाबांचा ळ लपेटीचा, अख्ख्या गावाने दुकानाच्या पाटीवर पाहिलेला! पत्रक वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ते कुणाचं हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. एकानेही तोंड उघडलं नाही.

आणि पत्रकात असायचं काय? क्रांतीबिंती नाही हो. कोण येरवड्यात, कोण नाशिकला, कुणाला कधी हलवलं. सेन्सॉरमुळे पेपरात यातलं काही येत नव्हतं. ज्यांच्या घरचा माणूस मिसाखाली (खटल्याविना डांबायचा कायदा) उचलला होता त्यांना विचारा त्या कागदाची किंमत.

तिरकस तात्या
ळ ची गोष्ट झकास. पण मुद्दा? १९७७ ला आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसला मिळाल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेस २०, जनता १९. तुमच्या बाबांचं सोळावं मशीन तिथे चाललं नव्हतं का? बाई पडल्या त्या उत्तरेत, आणि त्या नसबंदीने पाडल्या. भूमिगतांनी नाही.

मनमाडकर
नसबंदीचं निघालंच आहे तर सांगतो, ती फक्त उत्तरेत होती असं समजू नका. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. माझे काका प्राथमिक शिक्षक. 'केसेस', म्हणजे नसबंदी करून घेणारी माणसं, आणल्याशिवाय पगार नाही. शेवटी काकांनी स्वतःचीच केस दिली, वय २९, पदरी एकच मुलगी. काकू जन्मभर त्यांच्याशी धड बोलली नाही. आणि लोक सांगतात, गाड्या वेळेवर धावायच्या. धावत असतील!

बारामती बिनधास्त
सगळं मान्य, पण पेन्शनचं काय? २०१८ ला राज्य सरकारने मिसावाल्यांना महिन्याला १०,०००, महिनाभरापेक्षा कमी आत असेल तर ५,०००. २०२० ला बंद, २०२२ ला परत चालू, २०२५ ला डब्बल. कर आम्ही भरायचा आणि सरकार बदललं की स्वातंत्र्यसैनिक बदलणार. हा लढा होता की आवर्त ठेव योजना?

माळ्यावरचा
बरं झालं विषय काढलात. बाबांना छदाम मिळाला नाही, कारण ते पकडलेच गेले नाहीत. नियम तुरुंगवासाचा आहे. आमच्या गल्लीतले एकजण सत्याग्रह बघायला उभे होते, गर्दीत उचलले गेले, बत्तीस दिवस आत. त्यांना मिळते. आणि एकवीस महिने एकदाही सापडला नाही त्याला शून्य. म्हणजे भूमिगत म्हणून जो पास तो पेन्शनला नापास.

तिरकस तात्या
म्हणजे दुखणं हे होय? मग आधीच सांगायचं की! 'पेन्शन न मिळाल्याबद्दल तक्रार' असं शीर्षक द्या धाग्याला.

माळ्यावरचा
तात्या, तोंड सांभाळा. अर्ज केलाच नव्हता त्यांनी. मी फॉर्म आणला तर म्हणाले, "पुरावा काय लावू, ळ?"

सुगरण नसलेली
जरा माहितीचं. स्वातंत्र्यलढ्यातल्या सैनिकांसाठीच्या केंद्राच्या सन्मान योजनेत सहा महिन्यांहून जास्त भूमिगत असलेल्यांनाही पेन्शन होती. फरारी घोषित केलेलं असणं, पकडून देणाऱ्याला इनाम लावलेलं असणं किंवा वॉरंट निघून बजावलं न जाणं, यातलं काही दाखवावं लागे. म्हणजे तिथेही सरकारला तुमचा पत्ता लागलेला हवा. ज्याचा सुगावाच लागला नाही तो तिथेही बाहेरच.

जुना कराडकर
पेन्शन पेन्शन काय लावलंय? मी डिसेंबर १९७५ ला कराडच्या साहित्य संमेलनात होतो, शेवटच्या रांगेत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात मंत्री, समोर बसलेले, आणि संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरोधाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं. माझ्या शेजारचे गृहस्थ सरकारी नोकरीत. अर्धवट उठले, बसले, पुन्हा उठले. धोतराचा सोगा हातात तसाच. भीती काय असते ते मी त्या माणसाच्या गुडघ्यांत पाहिलं. दुर्गाबाईंना पुढे अटक झाली. त्या कुठे भूमिगत होत्या? माईकवर बोलल्या. लपून पत्रकं काढणाऱ्यांपेक्षा मला ते मोठं वाटतं.

बारामती बिनधास्त
+१. आणि भूमिगतांत डायनामाईटवाले (रूळ-पूल उडवायचा कट केल्याचा बडोद्याचा खटला झाला ते) पण होते, ते सोयीने विसरू नका.

सुगरण नसलेली
नाही विसरत. त्याच बडोदा खटल्याच्या नावाखाली अभिनेत्री स्नेहलता रेड्डींना बंगलोरच्या तुरुंगात डांबलं. दम्याने बेजार झाल्या, सुटल्या आणि काही दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये गेल्या. आरोपपत्रात नावसुद्धा नव्हतं. आता त्यांची पेन्शन कोणाला देताय?

मनमाडकर
आणि संघवाले म्हणतात सगळं आम्हीच केलं. सरसंघचालक देवरसांनी येरवड्यातून इंदिराबाईंना पत्रं लिहिली ती कशाला, हालहवाल विचारायला?

जुना कराडकर
झालं सुरू. सत्याग्रहात आत गेलेल्यांत स्वयंसेवक किती होते तेही मोजा मग. आणि भाकपने तर आणीबाणीला पाठिंबाच दिला होता, शिवसेनेनेही. कुणाकुणाचं काढायचं?

माळ्यावरचा
मूळ मुद्द्यावर येतो. तात्यांचे आकडे बरोबर आहेत, नाकारत नाही. सरकार पत्रकांनी पडलं असं मी म्हटलंच नव्हतं. पण निवडणूक जाहीर झाली १८ जानेवारीला आणि मतदान मार्चमध्ये. दोन महिन्यांत जनता पक्षाला तालुक्या-तालुक्यात माणसं कुठून मिळाली? निम्मे पुढारी तुरुंगातून नुकते सुटत होते. आमच्याकडे पहिली सभा लावली ती पत्रकं पोचवणाऱ्या पाच जणांनी. त्यातला एक दूधवाला, एक एसटीचा कंडक्टर. दीड वर्षात एकमेकांवर भरवसा बसला होता, तो आयता कामी आला.

तिरकस तात्या
हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढा भांडलो नसतो. (भांडलो असतो, पण कमी.) महाराष्ट्रातल्या १९ पैकी एखादी जागा तुमच्या कंडक्टरच्या खात्यावर जमा करतो. आंध्र मात्र सोडणार नाही.

बारामती बिनधास्त
आणि पेन्शन?