घरी गाळलेल्या दारूची पारख करता येते का?

माळरान यांचा प्रश्न:

आमचे थोरले काका अनेक वर्षांपासून घरीच दारू गाळतात. कधी साखरेची, कधी फळांची. ती निर्धोक आहे हे ते तीन गोष्टींवरून ठरवतात. भट्टीतून उतरलेली पहिली धार ते ओतून देतात, चमचाभर दारू पेटवून ज्योत निळी दिसली की ती शुद्ध मानतात, आणि बाटली हलवल्यावर आलेले बुडबुडे टिकले की माल चांगला उतरला असे म्हणतात. मी ती दारू चाखलेली आहे व मला कधी त्रास झालेला नाही. मात्र अलीकडे आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी बाहेरून आणलेली सुटी दारू घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागले. ती मिथेनॉलची विषबाधा असल्याचे रुग्णालयात निष्पन्न झाले. तेव्हापासून काकांच्या या परीक्षांविषयी मला शंका वाटते, पण त्यांच्याशी बोलण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

काचनळी:

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि ऊर्ध्वपातन हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते आणि इथेनॉल, म्हणजे दारूत नशा आणणारे अल्कोहोल, ७८.४ अंशांना, त्यामुळे मिथेनॉल आधी निघून जाईल आणि पहिली धार टाकली की विषय संपेल, असे कोणालाही वाटेल. परंतु हे आकडे शुद्ध द्रवांचे आहेत. भांड्यात पाणी, इथेनॉल आणि मिथेनॉल एकत्र असतात, ती एकमेकांना धरून राहतात, आणि साध्या भट्टीत मिथेनॉल पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत थोडे थोडे येतच राहते. पहिल्या धारेत प्रामुख्याने जातात ते अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट. ती टाकल्याने उग्र वास आणि घसा जाळणारी चव कमी होते, म्हणून काकांची सवय चांगलीच आहे. फक्त तिच्यामुळे मिथेनॉल गेले असे समजता येत नाही.

ज्योतीच्या परीक्षेला तर काहीच आधार नाही. मिथेनॉलचीही ज्योत फिकट निळी असते, इतकी फिकट की भर उजेडात ती डोळ्यांना दिसतही नाही. दोन्ही मिसळलेली असली तरी पेटवणाऱ्याला निळा रंगच दिसणार. बुडबुड्यांवरून दारू किती कडक आहे याचा ढोबळ अंदाज येतो, त्यात काय मिसळले आहे याचा नाही.

आता मूळ मुद्दा. साखर आंबवून केलेल्या दारूत मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. ते येते फळांतील पेक्टिन या चिकट घटकापासून, त्यामुळे फळांच्या दारूत ते अधिक असते. युरोपीय संघाच्या नियमांत १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे व्होडकात १० ग्रॅमच मिथेनॉल चालते, तर फळांच्या दारूत साधारणपणे १,००० ग्रॅमपर्यंत मुभा आहे. इतका मोठा फरक असूनही ती विकता येते, कारण हे प्रमाणही सोबतच्या इथेनॉलच्या मानाने थोडेच असते, आणि ते इथेनॉल शरीरात मिथेनॉलचे विषारी रूपांतर रोखून धरते. ज्या दुर्घटनांत माणसे मरतात त्यांतील मिथेनॉल बहुतेक वेळा आंबवणातून आलेले नसते. कारखान्यात वापरण्याचे स्वस्त मिथेनॉल कोणीतरी त्यात ओतलेले असते. तुमच्या परिचितांची सुटी दारू आणि काकांची दारू यांतील भेद मला येथेच दिसतो.

जुना_पाणवठा:

काचनळी यांच्या म्हणण्याला माझा अनुभव जुळतो. आमच्या घरी वडील स्वतः गाळत असत आणि घरातल्या कोणालाही डोळ्यांचा त्रास झाला नाही. पण वडिलांची एक अट होती, जी मी आजही पाळतो: जिचे आंबवण आपण पाहिलेले नाही ती दारू घ्यायची नाही, मग देणारा कितीही जवळचा असो.

रात्रपाळी:

मी अतिदक्षता विभागात काम करते आणि मिथेनॉलचे रुग्ण पाहिलेले आहेत. लोकांना सर्वाधिक फसवते ती मधली शांतता. पिताना नेहमीसारखी नशा येते, झोप लागते, आणि खरी लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी सुरू होतात. इथेनॉलही प्यायलेले असेल तर आणखी उशिरा. यकृतात मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल पेशींचे श्वसन रोखते आणि त्याचा घाव दृष्टीच्या चेतातंतूवर बसतो. पोटदुखी, उलट्या, धाप आणि समोर बर्फ पसरल्यासारखे दिसणे ही लक्षणे नशा उतरतानाची आहेत असे समजून घरचे लोक रुग्णाला झोपवून ठेवतात, आणि त्यात हातची वेळ निघून जाते. सुमारे १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनेही अंधत्व आल्याची नोंद आहे.

फोमेपिझोल हे औषध वेळेत मिळाले, किंवा ते नसल्यास देखरेखीखाली इथेनॉल देऊन डायलिसिस केले, तर माणूस वाचतो आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते. इथेनॉल उतारा आहे हे ऐकून घरीच आणखी दारू पाजणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नका. उरलेली बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात या, आणि रुग्ण काय प्यायला ते न लपवता सांगा. विचारणारी माणसे पोलीस नसतात. त्यांना उपचार ठरवायचे असतात.

तांबट:

भांड्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जुन्या गाडीचा रेडिएटर वाफ थंड करायला वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. त्याच्या डाखात, म्हणजे सांधे जोडणाऱ्या धातूत, शिसे असते आणि ते दारूत उतरते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९९० व १९९१ मध्ये अशी दारू पिणाऱ्यांच्या रक्तात वाढलेले शिसे आढळले होते. पोटात कळा येतात, रक्त कमी होते, हातातील शक्ती जाते, आणि हे सगळे इतके हळूहळू होते की कारण दारूच्या भांड्यात आहे हे सुचतही नाही. दुसरे म्हणजे आग. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते, आणि हवेत ३.३ टक्के झाली तरी पेट घेऊ शकते. बंद खोलीत, उघड्या ज्वाळेवर, सांधा गळत असताना भट्टी लावणे मला मिथेनॉलपेक्षाही भयंकर वाटते. काकांची भट्टी कुठे लागते आणि नळी कशाची आहे, हे आधी पाहा.

माळरान:

नळी तांब्याची आहे, पण सांधे कशाने डाखले आहेत ते मला पाहावे लागेल. एक शंका उरते: संशयित दारू पुन्हा गाळली तर ती शुद्ध होते का? काकांचा तसा समज आहे.

काचनळी:

होत नाही, आणि याचा इतिहास फार दुःखद आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळी औद्योगिक अल्कोहोल पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखी विषे मिसळणे सरकारने बंधनकारक केले होते. चोरट्या धंद्यातील लोक ते पुन्हा गाळून विकत, आणि गाळूनही विष उरल्यामुळे असंख्य माणसे दगावली. मिथेनॉल किती आहे हे खात्रीने सांगते ते प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र. ती सोय नसेल तर संशयित बाटली पुन्हा भट्टीत घालू नये, आगीपासून दूर ठेवून तिच्यावर विष असे लिहावे. सांध्यांविषयी काय आढळले ते येथे जरूर कळवा. डाख शिशाचा निघाला तर तेवढा भाग बदलणे हेच काकांसाठी पहिले काम आहे.