शेजारच्या बंगल्यात रात्री दोनपर्यंत स्पीकर. तक्रार नेमकी कशी करायची?

मोगरा_तुंगार्ली:
आम्ही लोणावळ्यात तुंगार्लीला राहतो. शेजारचा बंगला मालकाने वीकेंडला भाड्याने द्यायला सुरुवात केलीय. शनिवारी स्विमिंग पूलच्या कडेला स्पीकर लागतात ते दोन-अडीचपर्यंत. खिडक्यांच्या काचा थरथरतात, सासूबाई ब्याऐंशीच्या, त्यांना गोळी घेऊनही झोप नाही. ११२ ला फोन केला की गाडी येते, आवाज खाली जातो, गाडी वळली की पुन्हा वर. मोबाईलच्या ॲपवर मोजलं तर आकडा ५२-५३ च्या पुढे जात नाही. केअरटेकर म्हणतो, "मॅडम, ५५ पर्यंत चालतं." खरं आहे का हे?

बेसवाला:
ताई, मी बरीच वर्षं साऊंडचा धंदा केलाय, लग्नं, हळदी, मिरवणुका सगळं. आता मुलगा बघतो. केअरटेकरने तुम्हाला दिवसाचा आकडा सांगितलाय. निवासी भागात ५५ सकाळी ६ ते रात्री १०. दहानंतर ४५.

पण तुम्ही आकड्यात अडकूच नका. नियमात मोजतात ते 'ए' स्केलवर, आणि त्या स्केलला खालचे सूर कमी ऐकू येतात. ६० हर्ट्झच्या आसपासचा बेस पंचवीसेक डेसिबलने कमी धरला जातो. तुमच्या काचा हलवतो तो नेमका हाच बेस. टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, बंद करून नुसते बेस चालू ठेवले की मीटर गप्प आणि शेजारी जागा. आमच्या लाईनीत हे पोराटोरांनाही माहीत असतं.

त्यापेक्षा ध्वनिप्रदूषण नियम २००० मधला नियम ५ धरा. रात्री १० ते ६ उघड्यावर स्पीकर लावायचाच नाही. सूट आहे ती बंदिस्त हॉलला किंवा सार्वजनिक आणीबाणीला. पूलची कड म्हणजे हॉल नव्हे. नियम ७ प्रमाणे तक्रारीसाठी एकतर आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने वर हवा, किंवा रात्रीचं बंधन मोडलेलं हवं. दुसरं कलम धरलं की मीटर लागतच नाही. फोनवर "आवाज फार आहे" म्हणू नका, "दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू आहे" म्हणा.

कायम_त्रस्त:
कागदावर सगळं छान. आमच्या इथे परवानगीचा कागद दाखवतात, पोलिस सलाम ठोकून परत!

बेसवाला:
तो कागद वाचायला मागा की राव! दिवसा स्पीकर लावायलाही लेखी परवानगी लागते, बहुतेकांकडे तीच असते आणि ती दहाला संपते. बारापर्यंतची सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सणासमारंभांसाठी, शासनाने ठरवलेल्या दिवशी. कुणाच्या बॅचलर पार्टीला नाही.

ताईंसाठी पुढचं. रात्रीचा फोन कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. या नियमात 'प्राधिकारी' म्हणजे जिल्हाधिकारी, पोलिस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या खालचा नसलेला अधिकृत अधिकारी. तुमच्याकडे उपविभागीय पोलिस अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात तारखा, वेळा, ११२ ला केलेल्या फोनचे स्क्रीनशॉट, आणि व्हिडिओ. व्हिडिओत आधी घड्याळ, मग पूल. नियम ८ खाली तो अधिकारी तिथला स्पीकर बंद ठेवण्याचा लेखी आदेश काढू शकतो. आदेश बंगल्यावर निघाला की मालक जागा होतो, कारण पाहुणे रविवारी निघून जातात, बंगला तिथेच राहतो.

आणि धंद्यातली गोष्ट सांगतो. पार्टी देणाऱ्याला दंडाचं काही वाटत नाही, भाड्यातच धरतात. साऊंडवाल्याला मात्र सामान जप्त होण्याची धास्ती असते. ॲम्प, मिक्सर पोलिस ठाण्यात पडून राहिले की लगीनसराई गेली. म्हणून अर्जात साहित्य जप्तीची मागणी स्पष्ट लिहा. साऊंडचं सामान आणणाऱ्या टेम्पोचा नंबर दिसला तर तोही टाका. माझ्या जातभाईंनो, शिव्या द्या हवं तर.

मोगरा_तुंगार्ली:
खूप आभार, काका. एकच भीती. आमचं नाव बंगलेवाल्याला कळलं तर? रोज त्याच गेटसमोरून जायचंय.

बेसवाला:
रात्रीच्या फोनला नाव सांगायची सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलंय, तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. लेखी अर्जाला नाव लागेल, पण तो एकटीने देऊ नका. काचा फक्त तुमच्याच हलत नसणार. गल्लीतल्या चार घरांच्या सह्या घ्या.

मोगरा_तुंगार्ली:
समोरचे जोशी आणि मागचे डिसोझा तयार आहेत. सोमवारी जातो तिघे.