चेहरा ब्लर केला की ओळख लपते का?

धूसर_काच (धागा):
मोर्चातल्या माणसांचे किंवा लहान मुलांचे फोटो टाकताना नुसता चेहरा ब्लर करून थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. ब्लरने माहिती पुसली जात नाही, ती शेजारच्या पिक्सेलांत पसरते. मोझेकच्या (चेहऱ्यावर टाकलेल्या मोठ्या चौकोनांच्या जाळीच्या) प्रत्येक चौकोनातही त्या भागाच्या रंगाची सरासरी उरतेच. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला) धूसर केलेलेच चेहरे दाखवून शिकवलं आणि त्याने माणसं ओळखली. चेहरा पूर्ववत करायची गरजच पडली नाही.

गॉस:
अर्धीच बाजू मांडलीत. त्या प्रयोगात ठरावीक यादीतून नाव निवडायचं होतं; एका संचात तर फक्त ४० माणसं होती. गर्दीतला अनोळखी माणूस शोधणं फार वेगळं. शिवाय रंगांचे आकडे आठ बिटांत (० ते २५५) पूर्णांक करताना होणारी काटछाट आणि फाइल लहान करणारं जेपेगचं कॉम्प्रेशन बारकावे खरोखरच खाऊन टाकतात. २०२० मध्ये अंधुक चेहरे स्पष्ट करून दाखवणाऱ्या 'पल्स' या प्रणालीने ओबामांच्या अंधुक फोटोतून गोरा माणूस तयार केला, कारण ती हरवलेला चेहरा परत आणत नाही, नवा रचते. चूक होते ती मात्रेत. ३०० पिक्सेल रुंद चेहऱ्याला ब्लरची १० पिक्सेलची त्रिज्या (ब्लर किती दूर पसरतो ते) म्हणजे काहीच नाही, ६०च्या पुढे जा. मोझेक असेल तर आडवे पाच-सहाच चौकोन ठेवा.

धूसर_काच:
पण शोधणाऱ्याकडे यादी असतेच की! वर्ग, कार्यालय, वस्ती: ४० नावं सहज होतात. आणि रचलेला चेहरा भलत्याच माणसाशी जुळला तर त्याचं काय?

काळी_पट्टी:
तुम्ही दोघंही चेहऱ्यावरच अडलात. फोटो फुटतो तो बहुतेक वेळा फाइलमधून. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलमध्ये लिहून ठेवतो त्या माहितीत, जीपीएसने टिपलेलं ठिकाण असतं, कधी मूळ फोटोचं थंबनेलही (छोटी प्रत) राहून जातं. फोनमधलं मार्कर अर्धपारदर्शक असलं तर उजेड वाढवताच खालचं दिसतं. २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट साधनात कापलेला भाग फाइलमध्येच उरत असल्याचं उघड झालं. चेहरा भोवऱ्यासारखा पिळणं तर सर्वांत कच्चं: जर्मन पोलिसांनी एका संशयिताचा असा चेहरा उलटा पिळून सरळ केला, २००७ मध्ये इंटरपोलने तो प्रसिद्ध केला आणि काही दिवसांत अटक झाली.

म्हणून कान आणि केसांची रेषाही झाकली जाईल एवढा पूर्ण अपारदर्शक ठोकळा ठेवा. एडिटिंगमधले थर (फोटो आणि त्यावरचा ठोकळा) एकत्र करा, नवी फाइल काढा, मेटाडेटा (एक्झिफसारखी फाइलमधली माहिती) काढून टाका. मग ती दुसऱ्या उपकरणावर उघडून मोठी करून पाहा, विशेषतः आरसे आणि काचा. व्हिडिओ असेल तर एकेक फ्रेम तपासा. मान वळली की आपोआप होणारा ब्लर निसटतो, आणि एक स्वच्छ फ्रेम पुरते.

गॉस:
फाइलबद्दलचं सगळं मान्य. पण काळ्या ठोकळ्याने माणूस आरोपीसारखा दिसतो, आणि आंदोलकाच्या बाबतीत तो अन्याय आहे. त्यापेक्षा आधी एकरंगी ठोकळा, मग त्याच्या कडांवर ब्लर. दिसायला धूसर, खाली मात्र चेहऱ्याचा एकही पिक्सेल नाही.

धूसर_काच:
हे पटलं, मीही हेच सुचवीन. तरी गोंदण, गणवेश आणि त्याच दिवशी त्याच कपड्यांत टाकलेला दुसरा फोटो उरतोच. तिथे ठोकळा चालणार नाही. फोटो कापा, नाहीतर टाकूच नका.