इराकचे तीन तुकडे करा म्हणणाऱ्यांना

दजला
काल दुसऱ्या एका धाग्यावर तिठा यांनी लिहिलं: "इराक हा देशच इंग्रजांनी नकाशावर रेघा ओढून केला. शिया, सुन्नी, कुर्द एकत्र नांदणं शक्यच नव्हतं. अमेरिकेने 2003 मध्येच तीन तुकडे करून निघून जायचं होतं, म्हणजे स्थिर सरकारं आली असती." खाली अनुमोदनांची रांग. मला राहवेना.

मी 1981 ते 83 बगदादजवळ रेल्वेच्या कामावर होतो. इराणशी लढाई चालू होती, रात्री दिवे मालवावे लागत. आमचा स्टोअरकीपर शुक्रवारी जेवायला घरी न्यायचा. अंगणात मसगूफ व्हायचा. नदीतला मोठा मासा पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, खुंट्यांवर उभा करायचा आणि लाकडाच्या धगीवर निवांत भाजायचा. त्याची बायको मोसुलची, सुन्नी. तो स्वतः कोण हे मला दीड वर्ष माहीत नव्हतं. त्याचे वडील वारले आणि मयत दफनासाठी शियांच्या पवित्र शहरात, नजफला नेली, तेव्हा कळलं की हा शिया. तोवर ना मी विचारलं, ना त्याने सांगितलं.

आता 2003 बघा. सद्दामला पाडून अमेरिकेने देश ताब्यात घेतला होता. जुलैमध्ये अमेरिकनांनी 25 जणांची गव्हर्निंग कौन्सिल नेमली. 13 शिया, 5 सुन्नी, 5 कुर्द, 1 तुर्कमान, 1 असिरियन ख्रिश्चन. कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीससुद्धा त्या 13 शियांत धरला! जन्मभर पंथ बाजूला ठेवून राजकारण केलेल्या माणसाला परक्याने पंथाच्या रकान्यात बसवलं. तीच वाटणी, तिकडे तिला मुहासासा म्हणतात, पुढे कायम झाली: राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी. खातीसुद्धा तशीच वाटून घेतलेली.

त्याआधी मे महिन्यात ब्रेमरचे, म्हणजे अमेरिकेने इराकवर नेमलेल्या कारभाऱ्याचे, दोन हुकूम निघाले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाची वरची फळी नोकरीतून गेली, त्यात शाळामास्तरही गेले. दुसऱ्याने सैन्यच बरखास्त. जवळपास 4 लाख माणसं, बंदूक चालवता येते आणि घरात चूल थंड. अशा वेळी कुठलं सरकार टिकणार? देश दुभंगला होता म्हणून सरकार कोसळलं हे खोटं आहे. सरकार बांधतानाच दुभंग पायाभरणीत घातला.

तिठा
दजलाकाका, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहितो. त्या स्टोअरकीपरने पंथ सांगितला नाही, कारण सांगण्याची सोयच नव्हती. सद्दामच्या राज्यात सगळेच गप्प होते. त्याला तुम्ही एकोपा म्हणता?

मार्च 1988 मध्ये हलबजा या कुर्द गावावर सद्दामच्या फौजेने विषारी वायू सोडला, हजारो कुर्द तडफडून मेले. 1991 मध्ये दक्षिणेत शियांनी उठाव केला, तो कसा चिरडला हे 2003 नंतर सापडलेल्या सामूहिक कबरींनी सांगितलं. तेव्हा ब्रेमर कुठे होता? आणि 25 सप्टेंबर 2017 ला कुर्दांनी सार्वमत घेतलं तेव्हा 92 टक्क्यांहून जास्त मतं स्वतंत्र होण्याच्या बाजूने पडली. त्यांना नकोय तो देश. अंगणातल्या माशावर राज्य चालत नसतं.

गारवेल
तिठा, तुकडे करायचे ठीक, पण सुरी कुठून फिरवणार? बगदाद कोणाचं? किरकुकमध्ये कुर्द, अरब, तुर्कमान आणि खाली तेल. ते कोणाला देणार?

माझं सासर उल्हासनगरचं, सिंधी. आजेसासूबाई 1948 मध्ये कराचीहून बोटीने मुंबईला उतरल्या. घराची किल्ली शेवटपर्यंत पदराच्या गाठीला होती. "दोन देश केले की भांडण मिटेल" हे तेव्हाही हुशार लोकच सांगत होते. 2006 मध्ये समाऱ्याच्या शिया दर्ग्याचा घुमट उडवल्यावर बगदादमध्ये शिया-सुन्नींची जी कापाकापी झाली, तेच तुम्ही सरकारी शिक्का मारून करायला सांगताय.

आणि लोकांना काय हवं होतं हे अमेरिकेला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. जून 2003 मध्येच शियांचे थोर धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानींनी फतवा काढला: घटना लिहिणारे लोक निवडून आलेले हवेत, नेमलेले नकोत. नजफमधला एक म्हातारा धर्मगुरू निवडणूक मागतोय आणि लोकशाही आणायला आलेले "इतक्यात नको" म्हणतायत! जानेवारी 2005 मध्ये निवडणूक झाली, तोवर सुन्नींनी बहिष्कार टाकण्याइतकं सगळं बिघडलं होतं.

रानवाट
परकी फौज असली की सरकार टिकतच नाही हे मला पटत नाही. जर्मनी, जपान बघा. फौज कशी वागते यावर सगळं असतं.

मी तेव्हा वर्दीत होतो. 2003 च्या उन्हाळ्यात अमेरिकेला आपली एक डिव्हिजन हवी होती, 17,000 च्या आसपास जवान. 14 जुलैला दिल्लीने नाही म्हटलं. मला आजही वाटतं, ती चूक झाली. मी 1993-94 मध्ये सोमालियात बैदोआला होतो, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली. आम्ही विहिरी खोदल्या, गुरांना औषधपाणी केलं, संध्याकाळी गावच्या म्हाताऱ्यांबरोबर चहाला बसलो. आपला जवान दार लाथेने उघडत नाही. आपण गेलो असतो तर निदान एका भागात तरी लोकांचा सरकारवर भरवसा बसला असता.

सुभेदाराचा पणतू
रानवाटसाहेब, तुमच्या सेवेला मुजरा, पण हे वाचून डोकं तापलं. आपली डिव्हिजन इराकात एकदा जाऊन आलीय, पहिल्या महायुद्धात, तुर्कांशी लढायला. नावच होतं 6वी पुणे डिव्हिजन. 103, 110, 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. इंग्रज जनरल टाउनशेंडने त्यांना बगदादच्या तोंडापर्यंत पळवलं, मग मागे फिरवलं, आणि 7 डिसेंबर 1915 पासून दजला नदीकाठच्या कूट गावात तुर्कांच्या वेढ्यात ठेवलं. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. पुढे टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला आणि आपली माणसं वाळवंटातून पायी हाकली गेली.

त्यांतला एक माझा पणजोबा. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. दसऱ्याला आजी त्या पाटीला हळदकुंकू लावायची, कारण दुसरं काही हातात नव्हतं. पेन्शनच्या कागदासाठी पणजीने किती खेटे घातले ते आजी सांगायची. दुसऱ्याच्या कब्ज्यासाठी आमच्या घरातला माणूस पुन्हा द्यायचा नाही.

रानवाट
कूट आणि 2003 ची तुलनाच चुकीची आहे. तेव्हा आपण गुलाम होतो. आणि कूटचं म्हणाल तर आपल्या लोकांनी घोड्याचं मांस वेळेवर खाल्लं असतं तर इतके अशक्त झाले नसते, हेही इतिहासात आहे.

सुभेदाराचा पणतू
हे परत लिहून दाखवा. भाकरीचं पीठ औंसात मोजून मिळत होतं, पायाला स्कर्व्हीचे डाग पडले होते, आणि घोडं खाल्लं तर गाव जातीबाहेर टाकेल ही भीती. त्या माणसांना इथे बसून दोष देताय? उपासमार त्यांनी ओढवून घेतली नव्हती. पुरवठ्याची सोय न करता पुढे रेटणाऱ्याने केली होती.

गारवेल
दोघेही जरा थांबा. पण पणतूंचा मुद्दा मूळ विषयाला लागू आहे. मार्च 1917 मध्ये बगदाद घेतल्यावर इंग्रज जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आमच्या फौजा जिंकायला आलेल्या नाहीत, मुक्त करायला आल्यात. तीन वर्षांनी, 1920 मध्ये, शिया आणि सुन्नी मिळून त्याच मुक्तिदात्यांवर उठले. तो उठाव मोडायला फौज हिंदुस्थानातून नेली. 1921 मध्ये बाहेरून फैझल आणून गादीवर बसवला. त्याच्या नातवाला 1958 मध्ये राजवाड्यात गोळ्या घातल्या. परक्याने बसवलेली गादी सदतीस वर्षं टिकली, पण लोकांना ती कधी आपली वाटली नाही.

जपानचं म्हणाल, तर तिथे बादशहा ठेवला, कारकून, पोलीस, कचेऱ्या ठेवल्या. इराकात आधी घराचे वासे काढले, मग छप्पर का गळतं म्हणून विचारलं.

रानवाट
पणजोबांबद्दलचं वाक्य मागे घेतो. तसं लिहायला नको होतं. कारकुनांचंही मान्य. डिव्हिजनबद्दलचं मत बदललेलं नाही.

तिठा
सगळे कूटला जाऊन आलात, माझ्या प्रश्नाला उत्तर नाही. डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकन फौज गेली. कब्जा संपला ना? लगेच शिया पंतप्रधान मलिकीच्या सरकारने सुन्नी उपराष्ट्राध्यक्षावर अटक वॉरंट काढलं. जून 2014 मध्ये मोसुल इसिसच्या हाती पडलं, सैनिक गणवेश टाकून पळाले. नोव्हेंबरात नवे पंतप्रधान अबादी स्वतः संसदेत म्हणाले की 50,000 सैनिक फक्त कागदावर पगार घेत होते. हेही ब्रेमरनेच केलं?

दजला
हो, बरंचसं. सैन्य मोडून नवं उभं केलं आणि खाती वाटून दिली, तेव्हाच तो पगार कुणाच्या खिशात जाणार हे ठरलं. मलिकीचं पाप मात्र मलिकीचंच. तिथे मी त्याचा वकील नाही. आणि हलबजा पाहिलेल्या माणसाला बगदादवर विश्वास ठेव असं सांगायचा मला अधिकार नाही. कुर्दांपुरतं तुमचं म्हणणं मी सोडून देतो.

पण ऑक्टोबर 2019 विसरू नका. बगदादच्या तहरीर चौकात, नासिरियात, बसऱ्यात पोरं रस्त्यावर आली. बहुतेक शिया घरांतली, आणि शिया पंतप्रधानाविरुद्ध. "आम्हाला वतन हवंय" ही घोषणा. शेकडो मारली गेली, पंतप्रधानाला जावं लागलं. त्यांना मुहासासा नको होती. मग ती कुणाची गरज होती?

स्टोअरकीपरचं शेवटचं सांगतो. 2007 मध्ये त्याचा फोन आला. त्याच्या मोहल्ल्याभोवती सिमेंटच्या उंच भिंती उभ्या राहिल्या होत्या. नातू कॉलेजला जाताना दोन ओळखपत्रं नेतो म्हणाला, एकावर उमर हे सुन्नी नाव, दुसऱ्यावर अली हे शिया. नाक्यावर कोण उभा आहे ते लांबून बघायचं आणि ठरवायचं कुठल्या खिशात हात घालायचा. आजी सुन्नी, आजोबा शिया. नातू दोन्ही होता, म्हणून दोन्हीकडे मरायची भीती. त्यानंतर मी खूपदा नंबर फिरवला. लागला नाही.

तिठा
किरकुक आणि बगदादचं उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल करतो. तीन तुकडे हा शब्द मागे घेतो. कुर्दांचा मुद्दा मागे घेत नाही.

पणतू, त्या पाटीचा फोटो असेल तर टाका.